पैकीच्या पैकी

बायको नोरीन कॅन्सरने गेल्यापासून मुलगी टॅबिथाची घरीच चालणारी शाळा लाइलच्याच गळ्यात पडली होती. दिवसभर ट्रक दुरुस्त करून तो थकलेला असे. चर्चमधून आणलेल्या पुस्तकाच्या मागच्या पानावरची उत्तरं बघून खुणा करायच्या, एवढंच त्याला जमे.

"आई वाचून तपासायची हं, बाबा. तू नुसतं मागचं पान बघतोस."

"बघू दे गं, मास्तरीणबाई!"

आज आरोग्याचा धडा होता. 'खऱ्या श्रद्धेने प्रार्थना केली, तर आजारी माणूस बरा होतो. चूक की बरोबर?' टॅबिथाने 'बरोबर' लिहिलं होतं. मागच्या पानावरही तेच होतं.

"शाब्बास! पैकीच्या पैकी."



टॅबिथाचा चेहरा उतरला. "खरंच बरोबर आहे, बाबा? म्हणजे आईसाठी माझीच श्रद्धा कमी पडली."