तळहाताएवढा तुकडा

"इथून आवाज बदलतोय," कारागीर बाई म्हणाली आणि तिने स्क्रूड्रायव्हरची मूठ पुन्हा एकदा शेडमध्ये उभ्या गाडीच्या मागच्या कोपऱ्यावर आपटली. खिडकीजवळ टणटण वाजत होतं. वीतभर खाली आलं की भदभद.

"भदभद म्हणजे?" त्याने विचारलं.

"दोन गोष्टी असू शकतात, काका. फायबरचा थर आतल्या प्लायपासून नुसता सुटला असेल, तर दोन दिवसांचं काम. पण पाणी शिरून आतलं लाकूड कुजलं असेल, तर ते कोपऱ्यापुरतं राहत नाही. सगळी मागची बाजू जाते. मग मी हात लावणार नाही, भंगारात द्या म्हणेन." तिने नखाने रंग खरवडला. खाली पुट्टीने बुजवलेली भेग दिसली. "आणि हे कुणी केलंय? कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का?"

तो आपल्या चपलांकडे बघत राहिला. त्यानेच केलं होतं. चार महिन्यांपूर्वी, बायको बाजारात गेलेली असताना.

चाळीस वर्षं त्याने कचेरीत बसून रस्त्यांचे नकाशे काढले होते, आणि त्यातल्या एकाही रस्त्याने तो गेला नव्हता. निवृत्त झाला आणि दोन खोल्यांचा फ्लॅट विकून त्याने राहायला ही गाडी घेतली. मागे पलंग, पुढे ओटा, मधे घडीचं टेबल. बायकोचा शिवणाचा धंदा त्या फ्लॅटमध्ये होता, गिऱ्हाइकं होती, शेजार होता. ती कागदांवर सही करून मोकळी झाली. चांगलं म्हणाली नाही, वाईटही म्हणाली नाही. त्याला दोन वर्षं हेच टोचत होतं. भांडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त दर रविवारी आपल्या भावाला फोन करायची आणि दाराच्या पायरीवर बसून हळू आवाजात बोलायची.

परवा गाडी धुताना तिने कोपऱ्यावर हात टेकला आणि भिंत आत दबली. तिने बादली उचलली आणि दुसरी बाजू धुवायला गेली. आज सकाळी मात्र तिचा फोन त्याच्या कानावर पडला होता. "आज कळेल, दादा. वरची खोली रिकामीच आहे ना?"

म्हणजे तिचं ठरलंय, त्याने मनाशी म्हटलं. लाकूड कुजलेलं निघालं तर तिला बोलायचीसुद्धा गरज पडणार नाही.

"कापू का?" कारागीर बाईने विचारलं. "कापल्याशिवाय कळणार नाही."

त्याने बायकोकडे पाहिलं. ती रेझिनच्या रिकाम्या डब्यांशेजारी हाताची घडी घालून उभी होती.

"कापा," ती म्हणाली.

बाईने तोंडावर मास्क चढवला. कटर किंचाळलं. पांढरी भुकटी उडून शेडभर पसरली, दोघांच्या केसांवर बसली. तिने चारही बाजूंनी काप घेतला, पातं खोचलं आणि तळहाताएवढा तुकडा अलगद काढून घेतला. मग टोच्या उचलला आणि आतल्या लाकडात जोर लावून दाबला.

टोच्या रुतला नाही.

तिने दुसरीकडे दाबला, मग तिसरीकडे. खालच्या सांध्यापाशी बोट फिरवून पाहिलं.

"खडखडीत कोरडं आहे," ती मास्क खाली ओढत म्हणाली. "उन्हाने चिकटवण सुटलीय, बाकी काही नाही. भेग वरच्या थरातच थांबलीय. नशीबवान आहात, काका. परवा घेऊन जा. आणि यापुढे वर्षातून दोनदा मेण चोळा, सांधे तपासा. पुट्टी आणि रंग माझ्याकडे राहू द्या."

त्याचा जीव भांड्यात पडला. तो हसणार, तेवढ्यात बायको पुढे आली. तिने त्या चौकोनात दोन बोटं घातली आणि लाकूड चाचपलं, कापडाचा पोत बघावा तसं. बोटं नाकाशी नेऊन वास घेतला. मग तिथेच उपड्या डब्यावर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागली.

कारागीर बाई काहीतरी शोधायला शेडच्या मागच्या बाजूला गेली.

तो बायकोसमोर उकिडवा बसला. गुडघे कुरकुरले.

"अगं, मला चार महिन्यांपासून माहीत होतं," तो म्हणाला. "भेग पडलेली. मीच लपवली."

"मला रंगाचा वास आला होता," ती हातांआडून म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर खरं झालं असतं."

याचा अर्थ त्याला नीटसा लागला नाही. तिचे खांदे अजून हलत होते. मनासारखं झालं नाही की माणूस असंच रडतं, त्याला वाटलं. दोन वर्षं मुकाट्याने काढली, सुटकेची एक संधी आली होती, तीही गेली. आता आपणच बोलायला हवं.

"हे बघ," तो म्हणाला. "लाकूड चांगलं निघालं म्हणून इथेच राहायला पाहिजे असं काही नाही. गाडी दुरुस्त झाली की विकू. आपण जाऊ तुझ्या दादाकडे, वरच्या खोलीत. माझी हौस झाली भागवून. खरंच."

तिने हात खाली घेतले. केसांवर, भुवयांवर पांढरी भुकटी, गालांवर ओल्या रेघा. हा माणूस काय बोलतोय ते कळत नसल्यासारखी ती त्याच्याकडे बघत राहिली.

"अहो," ती म्हणाली, "मला वाटलं होतं, घर गेलं आपलं."