गार गच्चीवरच्या कुरडया

नागपुरात पारा अठ्ठेचाळीसवर गेला होता, तरी मालतीबाईंच्या कुरडया गच्चीवर ओल्याच होत्या. इमारतीचं नवं छत सगळी उष्णता आकाशात परत पाठवायचं आणि फरशी माठासारखी गार राहायची.

"लेक उद्या परदेशी निघते. आजची दुपार छत बंद ठेवाल का, भाऊजी?" त्यांनी गच्चीखालीच राहणाऱ्या, छताचं बटण सांभाळणाऱ्या डवले यांना विचारलं. तापणार होतं ते त्यांचंच घर.

"ठेवतो. मी शिजलो, तर मलाही तिथंच वाळत घाला!"

संध्याकाळपर्यंत कुरडया खडखडीत वाळल्या. मालतीबाई धावतच खाली आल्या. "करा सुरू छत, भाऊजी. केवढे घामाघूम झालात!"

डवले बनियनवर खिडकीत बसले होते.

"थांबा जरा," ते म्हणाले. "घामेजल्या अंगाला वारा लागल्यावर कसं वाटतं, ते मी विसरूनच गेलो होतो."