दोघांचा शब्द

रांगेत शेठच्या पुढे अकरा माणसं उरली होती, आणि तो स्वतःच्याच विरुद्ध मत द्यायला आला होता.

कारखान्यांचा निम्मा केलेला कर तसाच ठेवायचा की पुन्हा पहिल्याइतका करायचा, यावर आज गावाचा कौल होता. शेठच्या कारखान्यात दोन लेथ आणि तीन कारागीर. पितळी नळाच्या तोट्या बनत. एवढ्यावर गल्लीनं त्याला शेठ करून टाकलं होतं. मागे उभा असलेला वेल्डर म्हणाला, शेठ कशाला उन्हात उभे राहता, तुमचं मत तर छापूनच आलंय. शेठ नुसतं हसला. कर चढला तर फटका त्यालाच बसणार होता. तरी तो ‘चढवा’ म्हणायला आला होता, कारण त्याच्या बायकोनं तेच म्हटलं असतं. तिला जाऊन चार महिने झाले होते.

मतदान ज्या शाळेत होतं, तिथंच ती शिकवायची. सगळे तिला बाई म्हणत. घरी तोही बाईच म्हणे.

लग्नानंतरच्या पहिल्याच निवडणुकीत दोघांची करावरून अशी जुंपली की रांगेत येऊनही दोघं थांबेनात. तो म्हणे, धंद्याच्या मानेवरचं ओझं उतरवा, धंदा वाढला की चार घरांत चूल पेटते. बाई म्हणत, पेटते खरी, पण शिजतं कुणाच्या ताटात तेही एकदा बघा. पुढचा एक म्हातारा वैतागून वळला. म्हणाला, तुमचं एक मत इकडे, ह्यांचं एक तिकडे, हाती शून्य. त्यापेक्षा घरी जा, रांग तरी कमी होईल. दोघांना हसू फुटलं आणि दोघं खरंच घरी गेले. तेव्हापासून ठरलं की दोघांपैकी कुणीच मत द्यायचं नाही. मतदानाच्या सुट्टीला भांडण बंद, दुपारी झोप.

वीस वर्षं हा शब्द पाळला गेला. मग कर निम्मा करण्याचा पहिला कौल आला. शेठच्या डोक्यात तेव्हा दुसरा लेथ फिरत होता. बाई दुपारी आडव्या झाल्या तसा तो उठला. मशीनला तेल घालून येतो म्हणाला आणि मत टाकून आला. घरी शिरण्याआधी कारखान्यात जाऊन त्यानं बोटांना थोडं तेलही लावून घेतलं. पुढच्या तीन निवडणुकांनाही तो असाच तेल घालायला गेला. चोरी एकदा पचली की भूक वाढते.

कर हजारो मतांनी उतरला होता. त्याच्या एका मतानं काडीचाही फरक पडला नव्हता. तेच त्याला जास्त बोचायचं. शब्द मोडला तो फुकटच.

लेथ आला. नगरपालिकेचा हात आखडला आणि शाळेतले दोन वर्ग एका खोलीत आले. बाई ऐंशी पोरांपुढे बोलून घरी येत तेव्हा घसा पार बसलेला असे. एकदा त्यांनी फाटक्या आवाजात विचारलं, मशीन आलं ते छानच झालं, कारागिरांचा पगार किती वाढला? तो म्हणाला, वाढेल की, जरा दम धर. पुढं बोलायला बाईंना आवाज नव्हता. त्या वर्षी घरातले सगळे वाद शेठच जिंकला.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात सगळं सांगून टाकावं म्हणून त्यानं दोनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा नर्स आली. दुसऱ्यांदा कुणीच आलं नाही, तरी त्यानं बाईंना पाणी हवं का एवढंच विचारलं.

रांग सरकली. पुढे चौघे राहिले. दाराशी शाळेचा शिपाई माणसं एकेक करून आत सोडत होता. दर मतदानाला हे काम त्याच्याकडेच असे. शेठला बघून तो जवळ आला. बाईंच्या वर्गाची किल्ली घेताना अजून हात अडखळतो, म्हणाला. शेठ हळूच म्हणाला, "मी इथं येत होतो ते तू त्यांना कधी बोलला नाहीस. उपकार झाले."

शिपायानं मान खाली घातली.

"बाईंना ठाऊक होतं, शेठ."

पहिल्या वेळी शिपायाच्याच तोंडून निघून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं सहज विचारलं, काल शेठ येऊन गेले, तुम्ही कशा नाही आलात? बाई फळा पुसत होत्या. पुसलेला फळा त्या बराच वेळ पुसत राहिल्या. त्यानं समजावलं, पुढच्या खेपेला तुम्हीही टाका, फिट्टंफाट होईल. बाई म्हणाल्या, शब्द दोघांचा होता, त्यांचा अर्धा मोडला, माझा अर्धा राहू दे. पुढेही प्रत्येक मतदानाच्या दुसऱ्या दिवशी त्या त्याला एकच गोष्ट विचारत.

"काय?"

"आत जाण्याआधी दारात थांबले होते का? थोडे तरी?"

पुढचा शेवटचा माणूसही आत गेला.

"मी सांगायचो, थांबले होते," शिपाई म्हणाला. "चांगली पाच मिनिटं. एकदा तर म्हटलं, माघारी फिरले होते, कोपऱ्यावरून परत आले. तेवढ्यानं त्यांना बरं वाटायचं. मग तास सुरू करायच्या."

शेठनं त्या चारही दुपारी आठवून पाहिल्या. ऊन आठवलं, पायऱ्या आठवल्या, हे दारही आठवलं.

"थांबलो होतो का रे मी?"

आतला माणूस बाहेर आला. शिपायानं शेठसाठी दार धरलं.

"नाही, शेठ," तो म्हणाला. "एकदाही नाही."