दार लावून

कडूबा कपाटात शिरला तेव्हा कारखान्यात कुणी नव्हतं. पैठण गेटाजवळच्या त्या कारखान्यात तो पत्र्याच्या कपाटांना रंग मारायचा. हे कपाटही त्यानंच रंगवलेलं. आज ते खडकेश्वरला व्यंकटरावांच्या घरी जायचं होतं, त्यांच्या भानुमतीच्या लग्नासाठी. वाटेत खडखडतात म्हणून आतल्या फळ्या बाहेर काढून ठेवल्या होत्या. त्यामुळं आत एक माणूस गुडघे टेकून मावत होता. कडूबानं कालच मावून बघितलं होतं.

त्याचाही इलाज नव्हता. रविवारी छावणीच्या चर्चमध्ये पाद्रीसाहेब म्हणाले होते, प्रभूनं सांगितलंय, प्रार्थना करायची तर खोलीत जायचं, दार लावून घ्यायचं आणि बापाशी एकट्यानं बोलायचं. कडूबाची खोली एकच, त्यात माणसं सहा, आणि दाराच्या जागी पडदा. त्यानं डोळे मिटून "हे बापा" म्हटलं की स्टोव्हपाशी बसलेली आशाबाई म्हणायची, "गॅसच्या नंबराचं बी सांगा." पत्र्याच्या भिंतीपलीकडून शेजारची चतुराबाई "आमेन" म्हणायची. ती तर त्यांच्या चर्चचीही नव्हती.

आणि जे बोलायचं होतं, ते आशाबाईसमोर बोलण्यासारखं नव्हतं. शमुवेल, त्यांचा धाकटा, पावसाळ्यात तापानं गेला. देवाची मर्जी, असं म्हणून आशाबाई सावरली. त्या एका वाक्यावर ती उभी होती. कडूबा मान हलवायचा, चर्चमध्ये सगळ्यांबरोबर गाणी म्हणायचा, आणि बिनसलेल्या व्याह्याला बाजारात टाळावं तसा देवाला टाळायचा. हे फार दिवस चालणारं नव्हतं. त्यानं ठरवलं, आज त्याच्या तोंडावर सांगायचं. जमलं नाही तर रविवारपासून चर्च बंद.

त्यानं दार आतून ओढून घेतलं. अंधार झाला. मागच्या पत्र्याच्या फटीतून थोडी हवा येत होती, बाकी सगळा रंगाचा वास.

"बापा," तो म्हणाला, "मला तुझा लई राग आलाय."

बाहेरून मूठ फिरली. कपाट हललं आणि उताणं झालं.

उत्तर फारच लवकर आलं, असं कडूबाला वाटलं.

मग हमालांचे आवाज आले. "लई जड हाय रं," सांडू म्हणाला.

"पत्रा जाड टाकलाय," फकिरा म्हणाला. "मालकानं जिंदगीत पहिल्यांदा इमानदारी केली."

हातगाडी निघाली. कडूबा पाठीवर, गुडघे छातीशी, हात जोडलेले. एक हाक मारली असती तर सुटला असता. पण मग पुन्हा बंद दार कुठून आणायचं? त्यानं हाक मारली ती वरच.

"मी दवाखान्यात पळत होतो तवा तू कुठं होतास? आशा म्हणती, तुझी मर्जी. असंल. मला पटली नाय. सांगून ठेवतो." मध्येच खड्डा आला आणि 'सांगून' एका बाजूला, 'ठेवतो' दुसऱ्या बाजूला पडलं. कडूबानं ते पुन्हा नीट सांगितलं. "तिला खोटं पाडायचं नाय मला. म्हणून इथं येऊन बोलतोय."

औरंगपुऱ्यात भाजीवाल्यांच्या गर्दीत गाडी अडकली. एक बाई कपाटावर हात टेकून मेथीचा भाव करू लागली, तेव्हा आत कडूबा रडत होता. भाव जमला नाही.

"तुझं बी पोरगं तुझ्या डोळ्यांदेखत गेलं म्हणतात," तो हळूच म्हणाला. "मग तुला ठाऊक असंल."

त्यानंतर तो गप्प झाला.

खडकेश्वरला कपाट उभं राहिलं. सांडू काढलेल्या फळ्या खांद्यावर घेऊन आला, फकिरानं दार उघडलं. समोर भानुमती हळदीकुंकवाचं ताट घेऊन, तिच्यामागं व्यंकटराव, त्यांच्यामागं लग्नघरातल्या सगळ्या बायका. आत कडूबा, गुडघ्यांवर, डोळे मिटून.



"हे ठरलं नव्हतं," व्यंकटराव म्हणाले.

"आरं कडूबा," सांडू म्हणाला, "तू चालत आला असतास की."

"प्रार्थना करत होतो."

"बरं, आता बाहेर ये," व्यंकटराव म्हणाले. "इथं पूजा खोळंबलीय."

कडूबानं डोळे उघडले. एवढी माणसं बघून तो ओशाळला, पण उठला नाही. "येतो मालक. थोडं राहिलंय."

"काय राहिलंय?" भानुमतीनं विचारलं.

"माझं बोलून झालं, ताई. त्याचं ऐकायचं राहिलंय."

भानुमतीनं एकवार वडिलांकडं पाहिलं. मग दार अलगद लोटलं. मूठ फिरवली नाही. बंद दारावर तिनं कुंकवाचं बोट टेकवलं, पत्रा वाजू नये इतक्या हलक्या हातानं.

व्यंकटराव सांडूजवळ सरकले. त्यांचाही आवाज नकळत खाली आला होता. "किती वेळ लागेल?"

सांडूनं खांद्यावरच्या फळ्या आवाज न करता भिंतीला टेकवल्या.

"एकटा असता तर वढून काढला असता, मालक," तो म्हणाला. "आत दोघं हायत."