साहेबांची माती

राष्ट्राध्यक्ष एकदाचे गेले. त्यांचा देह कायमचा काचेच्या पेटीत ठेवायचं मंत्रिमंडळानं ठरवलं आणि प्रेतं टिकवणारा म्हणून मला बोलावलं. मी हातमोजे चढवत होतो, तेवढ्यात त्यांची बायको आत आली आणि चक्क माझ्यापुढे हात जोडून उभी राहिली.

“देह टिकणार नाही, एवढंच बाहेर सांगा. यांना माती मिळू द्या हो! ‘मला आईशेजारी पुरा’, शेवटपर्यंत हेच म्हणत होते.”

माझ्या एका शब्दाचं काम होतं, आणि बाई रडतही खरंच होती. पण माझी आईसुद्धा अशीच रडली होती. दादाला गोळ्या घातल्यावर ती तुरुंगाच्या फाटकाशी पदर पसरून बसली, तेव्हा याच साहेबांनी सांगून पाठवलं होतं, “मुडदा मिळणार नाही. हाकला म्हातारीला.”

दार ढकलून एक मंत्री आत डोकावले. “काय, टिकतील ना साहेब?”

मी बाईकडे बघतच उत्तर दिलं.



“टिकतील की! माती काय, धूळसुद्धा लागू देणार नाही.”