कुंदामधलं टिंब

करवतीचं मशीन थांबलं आणि प्लायवूडमधून कापलेलं टिंब पुन्हा भुशात पडलं. ह्यांच्या हातात उरलं नुसतं ‘कुदा’.

“या वयात कुठं कुदू हो मी?” मी हसले.

हे हसले नाहीत. डॉक्टरांनी हात टेकल्यावर ह्यांनी ही बारीक पात्याची करवत मागवली होती. “माझ्यामागे दारावर तुझं नाव हवं,” एवढाच हट्ट. बाकीची अक्षरं शिरोरेषेला धरून राहायची. टिंबाला धरायला काहीच नव्हतं, आणि आणखी एक पाटी कापण्याइतका दम ह्यांच्यात उरला नव्हता.

मी कपाळावरची टिकली काढली आणि ‘कु’च्या शिरोरेषेवर चिकटवली. तेव्हा मात्र हे खोकला येईपर्यंत हसले. त्याच संध्याकाळी पाटी दाराला लागली.

हे गेले. नणंदबाईंनी माझं कपाळ पुसलं, आरशावरच्या टिकल्याही खरवडून काढल्या.

निघताना त्या दारात थबकल्या. “वहिनी, टिकली काय दाराला चिकटवायची?” म्हणत त्यांनी ती नखाने उचकटली.

दारावर पुन्हा ‘कुदा’. आता हसवायला हे नव्हते.