मोठ्याने

बाईंनी दारावर चिठ्ठी चिकटवली, खिडकीवर चिकटवली, बादलीवर चिकटवली, आणि त्या स्वयंपाकघरातल्या फळीकडे वळल्या तेव्हा पाळकांनी घसा खाकरला.

चर्चची नऊ माणसं तीन आठवड्यांसाठी या परक्या देशातल्या अनाथाश्रमात आली होती. मुलांना गाणी शिकवायची, खेळ घ्यायचे, भिंती रंगवायच्या, सोबत प्रार्थना करायची, असं ठरलेलं. चिठ्ठ्या कुठल्याच यादीत नव्हत्या. पाळकांनी तसं गोड शब्दांत सांगून पाहिलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि फळीवर चिठ्ठी लावली. पहिलीच्या वर्गावर छत्तीस वर्षं काढलेल्या बाईपुढे पाळकांचं काय चालणार?

चिठ्ठ्यांवर त्या त्या वस्तूचं नाव तिथल्या लिपीत होतं, आणि ती अक्षरं बाईंना स्वतःलाच चार दिवसांपूर्वी कळली होती. शिकवली आश्रमाच्या ड्रायव्हरने. तो तरुणपणी जहाजावर होता आणि तिथल्या खलाशांकडून त्याने मराठी उचलली होती. बोलायचा भराभर, पण 'ने' गिळून. मुलगा काच फोडला, स्वयंपाकीण भांडी घासली. सूरही कायम एकच. जेवण तयार आहे हे आणि छप्पर गळतंय हे तो एकाच आवाजात सांगायचा. बाई दर वेळी विचारायच्या, 'ने' कुठे गेला? तो म्हणायचा, जहाजावर राहिला.

हा सगळा खटाटोप एका मुलीसाठी होता. नऊ वर्षांची, सगळे तिला मुंगी म्हणायचे. गावातल्या शाळेत प्रवेश हवा तर मुख्याध्यापिकेसमोर एक पान मोठ्याने वाचावं लागे. मुंगी दोनदा जाऊन तोंड मिटून परत आली होती. आता तिसरी आणि शेवटची खेप. यंदा जमलं नाही तर वय निघून जाणार आणि शाळा कायमची सुटणार. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "वाचेल. माझ्या हाताखालून न वाचता कोणी गेलेलं नाही."

चिठ्ठ्या पाठ झाल्या तशा बाई तिला रस्त्यावर घेऊन गेल्या. दुकानांच्या पाट्या, बसवरच्या पाट्या, कुलूप घातलेल्या फाटकावरची पाटी. दिसेल ते वाचायचं, हा बाईंचा शिरस्ता. मुंगी झपाट्याने शिकली. दुसऱ्या आठवड्यात तर बाईंच्या आधी वाचू लागली. पण सगळं बाईंच्या कानात. चार पावलांवरच्या माणसाला ऐकू जाईल असा शब्द काही तिच्या तोंडून निघेना. बाई रस्त्यापलीकडे जाऊन उभ्या राहिल्या, बहिरेपणाचं सोंग केलं, रुसून पाहिलं. मुंगी नुसती हसायची.

निघायच्या दिवशी ती बाईंच्या कमरेला घट्ट बिलगली. बाईंचा जीव तुटला, पण तिथेही त्यांच्यातली मास्तरीण जागीच होती. मंगळवारी इतर सहा मुलांबरोबर गाडीने शाळेत जाताना मुंगीला पुढे बसवा, म्हणजे पाट्या वाचत जाईल, असं त्यांनी ड्रायव्हरला बजावलं. मग मुंगीची हनुवटी वर केली. "दिसलं की वाचायचं. मोठ्याने. समोर कोण आहे ते बघायचं नाही." ड्रायव्हरने ते तिला तिच्या भाषेत सांगितलं.

मंगळवारी घरी बाई फोनसमोरून हलेनात. टक लावून बघितल्याने फोन लवकर वाजत नाही, असं सुनेने दोनदा सांगून झालं. दुपारी तो वाजला. आवाज खरखरत होता.

"बाई, मुलगी वाचली."

बाईंचे डोळे भरून आले, तरी सवय काही सुटेना. "मुलीने वाचलं, म्हणा हो. अडखळली का?"

"नाही. जोरात ओरडली."

ओरडली! बाईंनी सुनेकडे पाहून ऐटीत मान उडवली आणि काय वाचलं ते विचारलं.

"'पूल'. आणि 'बंद'."

बाई जरा हिरमुसल्या. पानभर मजकूर सोडून मुख्याध्यापिकेने दोन शब्दांवर भागवलं म्हणजे काय? एवढ्यावर झालं का, असं त्यांनी पुन्हा विचारून घेतलं.

"तेवढं पुरलं, बाई. मी पण वाचलो."

बाईंना हसू आवरेना. एवढा बाप्या माणूस पोरीच्या शेजारी हाताची घडी घालून धडा वाचतोय, असं चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर आलं. तुम्हाला कोणी वाचायला सांगितलं होतं, त्या म्हणाल्या.

"मागची सहा मुलं पण वाचली," ड्रायव्हर त्याच आवाजात म्हणाला. "गाडी नाही वाचली."